अब्बांची गिटार आणि पाहुण्यांची अट

माझं पहिलं स्थळ अब्बांच्या गिटारीवरून मोडलं, आणि मोडलं मीच. बहरीनमधल्या आमच्या कोकणी मुसलमानांत ही गोष्ट पुढे बरीच वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली जात होती. कुणी म्हणायचं, मुलाकडच्यांनी नकार दिला. कुणी म्हणायचं, मुलीचं दुसरीकडे कुठेतरी होतं. दोन्ही खोटं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. आखाती युद्धाचे सायरन थांबून काही वर्षं झाली होती. आम्ही ईसा टाउनला एका बैठ्या घरात भाड्याने राहत होतो. मी सातवीपर्यंत गावी आजीकडे मराठी शाळेत शिकले, मग इथल्या इंडियन स्कूलमध्ये, आणि आता मनामाला एका शिपिंग ऑफिसात टायपिंग करत होते. अब्बांचं मनामातल्या बाब अल बहरीन या वेशीमागच्या गल्लीत विजेच्या सामानाचं छोटं दुकान होतं. वायर, बल्ब, पंखे, दुरुस्तीला आलेले रेडिओ. वय साठीला टेकलेलं. केसांना मेंदी लावायचे आणि कपाळावर एक झुलूप मुद्दाम सोडायचे. आजोबा व्हायच्या वयात हे झुलूप कशाला, असं अम्मी विचारायची, तर म्हणायचे, "गिटार झुलपाशिवाय वाजत नाय."

दर गुरुवारी दुपारी ते दुकान लवकर बंद करून सूक म्हणजे जुन्या बाजारपेठेजवळच्या एका हॉटेलात वाजवायला जायचे. चहाच्या वेळेचा कार्यक्रम, सोबत दोन फिलिपिनो पोरं. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात इलेक्ट्रिक गिटारीची पेटी. हे ते कैक वर्षं करत होते. आणि त्याच्याही आधीपासून वाजवत होते.

त्यांची हकीकत त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की त्यातलं काय खरं आणि काय वाढवलेलं हे मला आता वेगळं करता येत नाही. रायगडातल्या खाडीकाठच्या एका गावात ते वाढले. घरात कुणी वाद्य वाजवणारं नव्हतं. लग्नात बायका ढोलकीवर गाणी म्हणायच्या तेवढंच. पन्नासच्या दशकात, मिसरूड फुटलेलं असताना, ते बोटीने बहरीनला आले आणि एका इंग्रज कंत्राटदार कंपनीत वायरमनच्या हाताखाली लागले. ती कंपनी कधीच बंद झाली. त्या कंपनीच्या साहेब लोकांचा एक क्लब होता. तिथला छताचा पंखा बिघडला म्हणून अब्बा शिडीवर चढले होते. खाली कुणीतरी रेकॉर्ड लावली.

"मी स्क्रू घट्ट केला," अब्बा सांगायचे, "मग सैल केला. मग परत घट्ट केला. गाणं संपेपर्यंत पंखा दुरुस्त झालाच नाय."

ते रॉक अँड रोल होतं. अब्बांना त्याचं नाव माहीत नव्हतं, शब्द कळत नव्हते. त्यांना फक्त गिटार ऐकू आली होती. ती कुणीतरी तोंडावर पाणी मारल्यासारखी होती, असं ते म्हणायचे. पुढच्याच महिन्यात त्यांनी हातातलं घड्याळ देऊन एका खलाशाकडून जुनी, लोखंडी तारांची साधी गिटार घेतली. पण तिचा आवाज रेकॉर्डमधल्यासारखा येईना. तेव्हा त्यांनी जळालेल्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची बारीक तार आणि मोडक्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक घेऊन एक वेटोळं बनवलं, ते तारांखाली बसवलं आणि वायरीचं दुसरं टोक रेडिओच्या मागे जोडलं. पहिला सूर वाजला तेव्हा कामगारांच्या बरॅकीतली माणसं घाबरून बाहेर पळाली, असं ते सांगायचे.

"या बेटावर विजेची गिटार पहिली माझी," ते छाती पुढे काढून म्हणायचे. "साहेब लोकांकडेसुद्धा नव्हती."

शिकवणारं कुणी नव्हतं. रेकॉर्ड ऐकून ऐकून बोटांनीच शोधलं. तार नुसती दाबायची नाही, बोटाने बाजूला ओढायची, म्हणजे सूर वर चढतो आणि रडल्यासारखा होतो, हे त्यांचं त्यांनाच सापडलं. आणि त्यांच्या हातात एक ठेका होता जो रेकॉर्डवर नव्हता. आमच्या गावच्या लग्नातल्या ढोलकीचा. शेवटच्या मात्रेवर उडी मारून पुढे जाणारा. क्लबातल्या लोकांना तो इतका आवडला की त्यांनी बँडच काढला. गाणारा एक इंग्रज सर्व्हेअर, ड्रमवर गोव्याचे एक कारकून, आणि गिटारवर माझे अब्बा.

अम्मीशी लग्न झालं ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. "मला सांगितलं मुलगा कायतरी वाजवतो," अम्मी म्हणायची. "आम्हाला वाटलं बँजो."

अम्मी पाच वेळची नमाजी. बहरीनमध्ये तिने कधी रोजा चुकवला नाही आणि अब्बांनाही चुकवू दिला नाही. घरात तिचा एकच नियम होता. अजान झाली की गिटारीचा अँप बंद, नमाज झाली की खुशाल सुरू. त्या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण आहे असं तिला कधी वाटलं नाही. कुणी सुचवलं तर म्हणायची, "माझा नवरा दारू पीत नाय, जुगार खेळत नाय, बायकोवर हात उचलत नाय. तारा ओढतो. ओढू दे."

अशा घरी मला पाहायला पाहुणे आले.

माणसं रत्नागिरीकडची, मुहर्रकला किराणा मालाचा मोठा व्यापार. मुलगा शिकलेला, शांत. मी त्याला आधी एकदा एका लग्नात पाहिलं होतं आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर ते आले. अम्मीने हमूर माशाचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या आणि सांदणं केली होती. जेवणं झाली, चहा आला. मुलाच्या वडिलांची नजर भिंतीवर गेली. दिवाणखान्यात खिळ्याला अब्बांची लाल गिटार टांगलेली असायची.

"ही तुमची?" त्यांनी विचारलं.

"माझीच."

"शौक चांगला आहे. तरुणपणी सगळ्यांनाच असतो."

अब्बा हसले. "माझं तरुणपण जरा लांबलं."

पाहुणे हसले नाहीत. मोठ्या अदबीने, शब्द तोलत ते म्हणाले, "भाईसाब, आम्हाला मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचं काही नाही, तो विषयच काढू नका. फक्त एक. ते हॉटेलातलं तुमचं बंद करा. आणि ही भिंतीवर नसलेली बरी. आमच्याकडे चार माणसं येणार-जाणार. व्याही बाजेवाला आहे असं कुणी म्हणायला नको."

बाजेवाला. मी ट्रे घेऊन दारातच उभी होते. मी अब्बांकडे पाहिलं. मला वाटलं, आता झालं. अब्बांचा राग मला ठाऊक होता. एकदा हॉटेलच्या मॅनेजरने आवाज कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी गिटार पेटीत ठेवून त्याला म्हटलं होतं, "आता कमी झाला," आणि सरळ घरी निघून आले होते. मॅनेजर दुसऱ्या दिवशी दुकानात माफी मागायला आला होता. ते हे अब्बा.

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. म्हणाले, "बरं."

एवढंच. मुलाने मान खाली घातली होती, ती त्याने वर केली नाही. पाहुणे खूश होऊन गेले. अब्बांनी स्टूल घेतलं, गिटार खिळ्यावरून काढली, फडक्याने पुसली, पेटीत ठेवली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. मग हॉटेलला फोन केला. इंग्रजीत म्हणाले, तब्येत बरी नाही, यापुढे जमणार नाही.

मी म्हणाले, "अब्बा, असं का केलंत?"

"तुझं भलं होतंय ना? मग खलास."

त्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात. घरात भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. अब्बा दुकानात जात, येत, जेवत. गुरुवारी दुपारीही दुकानातच बसत. केसांना मेंदी लावायची त्यांनी सोडली. झुलूप मागे फिरवलं. ताटासमोर बसले की डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालायची. लक्षात आलं की ते हात मांडीखाली घ्यायचे. एका संध्याकाळी शेजारचे बहरीनी गृहस्थ दारात आले. अब्बांच्या गिटारीचा आवाज त्यांना वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि ते वैतागून भिंतही ठोकायचे. त्यांनी अम्मीला विचारलं, "तुमचे मालक आजारी आहेत का?"

एका सकाळी अम्मी आणि मी स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होतो. अम्मी मान वर न करता म्हणाली, "तुला तो पोरगा आवडला काय?"

"वाईट नाही."

"मी ते नाय विचारलं."

"आवडला थोडा."

"मग ऐक गो. तुझा बाप हा असाच बसून राहील. मरेपर्यंत बोलणार नाय. तुझ्यासाठी तो करेल. पण मला तारा ओढणाऱ्या त्या माणसासोबत राहायचं आहे, आणि हा तो माणूस नाय. मी तुला काय सांगत नाय. तू मोठी आहेस. ठरव."

तिने कोळंबी धुतली आणि नमाजाला गेली.

मी ठरवलं. त्यात फार धैर्य होतं असं नाही. मला राग आला होता. त्या माणसाने आमच्याच घरी जेवून, आमच्याच भिंतीवरची वस्तू कुठे असावी हे सांगितलं होतं, आणि ते इतकं गोड बोलून, की रागवायलाही जागा ठेवली नव्हती. आणि तो मुलगा, जो मला आवडला होता, मान खाली घालून चहा पीत होता. उद्या मी काय घालायचं, कुठे नोकरी करायची हे असंच अदबीने सांगितलं जाईल आणि तो तेव्हाही चहाच पीत बसेल, हे मला लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी मुहर्रकला फोन लावला. मुलाच्या वडिलांनीच उचलला. मी नाव सांगितलं, सलाम केला आणि म्हणाले, "चाचा, माझे अब्बा गिटार वाजवतात. पुढेही वाजवणार. घरीही आणि हॉटेलातही. हे चालत असेल तर लग्नाचं बोलू."

मग ते म्हणाले, "या गोष्टी मुलींनी बोलायच्या नसतात. वडिलांना फोन द्या."

"वडिलांनी तुम्हाला होकार दिलेला आहे. नकार माझा आहे."

"नीट विचार कर बेटा. अशी स्थळं परत परत येत नाहीत."

"इंशाल्ला न येवोत," मी म्हणाले आणि फोन ठेवला. समोरच्या टेबलावरची मल्याळी बाई टायपिंग थांबवून माझ्याकडे बघत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण तिने उठून मला पाणी आणून दिलं.

मला वाटलं होतं अब्बा खूश होतील. निदान गप्प तरी राहतील. ते भडकले. इतके की अम्मीने खिडक्या लावून घेतल्या.

"मी शब्द दिला होता!"

"तुमचा शब्द तुम्ही दिला. लग्न माझं होतं."

"मी माझ्या मर्जीने सोडली. तुला कुणी सांगितलं मध्ये पडायला? आता काय तुझ्या मर्जीने परत धरू? बापाला खेळणं समजलीस?"

"नका धरू," मीही ओरडले. "पण माझ्या नावावर नका सोडू."

ते खरोखरच वाजवेनात. आता अट नव्हती, पाहुणे नव्हते, पण अब्बांचा हट्ट होता. अम्मीने पेटी पलंगाखालून ओढली, गिटार बाहेर काढली, खिळ्याला टांगली. अब्बांनी संध्याकाळी ती काढून पुन्हा पेटीत ठेवली. सकाळी अम्मीने पुन्हा टांगली. हे कित्येक आठवडे चाललं. शेवटी अब्बा थकले आणि गिटार खिळ्यावर राहिली, पण तिला हात लावायचा नाही हे ठाम होतं.

बाहेर माझी कीर्ती पसरली होती. मुलगी तोंडाळ आहे, मुलगी बापाच्या वर आहे. ईदच्या मिलनाला बायका माझ्याशी बोलताना अम्मीकडे बघून बोलायच्या. दुसरं स्थळ आलं नाही. मी त्या ईदला मुद्दाम भडक पिवळा ड्रेस शिवून घेतला आणि हॉलच्या मधोमध बसले. कोपऱ्यात बसायला मी काही चोरी केली नव्हती.

असे काही महिने गेले. मग एक दिवस अब्बांच्या जुन्या बँडमधले ड्रम वाजवणारे गोव्याचे काका घरी आले. निवृत्त होऊन मनामातच मुलीकडे राहत होते. त्यांच्या हातात एक छापील पत्रक होतं. त्या जुन्या कंपनीचा क्लब बंद पडला होता, पण त्याच्या उरलेल्या सभासदांनी जनाबियातल्या एका कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या बंदिस्त वसाहतीच्या, क्लबात जुन्या दिवसांचं संमेलन ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारी. इंग्लंडहून काही म्हातारे येणार होते, त्यांत बँडचा गाणाराही होता. "त्यांनी तुला एखादं गाणं वाजवायला बोलावलंय," काका म्हणाले.

"मी वाजवत नाय आता."

"वाजवू नको. हे बघ तरी."

पत्रकावर एक फोटो होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, बेटावरचा पहिला रॉक अँड रोल बँड. मध्ये गाणारा इंग्रज, तोंड उघडलेलं, हातात माइक. मागे ड्रमच्या आडून काकांचं अर्धं डोकं. आणि डाव्या कडेला, जिथे फोटो कापलेला होता, तिथे गिटारीच्या दांड्याचं टोक आणि त्यावरची तीन बोटं.

अब्बांनी चष्मा लावला. फोटो खिडकीजवळ नेला.

"ही बोटं कुणाची?"

"तुझीच," काका म्हणाले.

"मग मी कुठे आहे?"

अब्बांनी चष्मा काढला. मग त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी कधीच सांगितली नव्हती. क्लबात त्यांना वाजवायला बोलवायचे, पण आत यायचं ते स्वयंपाकघराच्या दारातून, आणि वाजवून झालं की जेवायचं तेही स्वयंपाकघरात, आचाऱ्यांसोबत. गाणारा बाहेर टेबलावर बसायचा. "मला तेव्हा कायच वाटायचं नाय," अब्बा म्हणाले. "आचारी आपल्याच बाजूचा होता, मासे चांगले मिळायचे. मला वाजवायला मिळत होतं ना. पण बोटं ठेवून माणूस कापला?"

ते वळले आणि अम्मीला म्हणाले, "माझा पांढरा शर्ट कुठे आहे?"

अम्मीने तो इस्त्री करून ठेवलेलाच होता. कधीपासून, कोण जाणे.

गिटारीच्या तारा गंजल्या होत्या. अब्बांनी वाद्यांच्या दुकानातून नव्या आणून चढवल्या आणि त्या आठवड्यात रोज वाजवलं. पहिल्या दिवशी ऐकवत नव्हतं. बोटं अडखळत होती, टोकांचे घट्टे मऊ पडले होते, कातडी सोलून निघाली. त्यांनी बोटांना तुरटी लावली आणि पुन्हा वाजवलं. शेजारच्या बहरीनी गृहस्थांनी भिंत ठोकली नाही. मेंदीही लागली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आम्ही निघालो. क्लबात गोरे म्हातारे-म्हाताऱ्या, टेबलांवर सँडविचेस, एका भिंतीवर तोच फोटो मोठा करून लावलेला. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर चिठ्ठ्या होत्या. अम्मी काळा बुरखा सावरत सरळ पुढच्या रांगेत जाऊन बसली. एक तरुण आला आणि इंग्रजीत म्हणाला, या जागा राखीव आहेत.

अम्मी मराठीत म्हणाली, "मला इंग्लिश येत नाय," आणि बसूनच राहिली. तिला ते पुरतं कळलं होतं.

भाषणं झाली, एका भाड्याच्या बँडने गाणी वाजवली. शेवटी निवेदक म्हणाला की आता आमचे जुने इलेक्ट्रिशियन एक छोटंसं गाणं वाजवणार आहेत. अब्बा मंचावर गेले. वायर जोडली. आवाजाची चकती फिरवली, आणखी फिरवली. निवेदकाने हाताने "कमी, कमी" अशी खूण केली. अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाजवायला सुरुवात केली.

मी त्यांना इतकी वर्षं ऐकत आले होते, पण घरातल्या घरात. तशी ती गिटार मी कधी ऐकली नव्हती. सुरुवात चुकली. एक सूर घसरला, स्वच्छ ऐकू आला. ते थांबले नाहीत. तोच घसरलेला सूर त्यांनी पुन्हा धरला, तार बाजूला ओढली, तो चढत चढत बरोबर जागी नेला आणि तिथे धरून ठेवला, जसं काही आधीपासून तिथेच जायचं होतं. मग तो ठेका आला, आमच्या लग्नातला, शेवटच्या मात्रेवर उडी मारणारा. काका मागे ड्रमवर जाऊन बसले होते. सत्तरीचा माणूस, पण ठेका सोडला नाही. बुरख्याखाली अम्मीचा पाय हलत होता. काही म्हातारे उठून उभे राहिले आणि आपल्या बायकांना हाताला धरून नाचायला लागले. त्यांना तो ठेका आठवला होता.

संपल्यावर टाळ्या झाल्या. अब्बांनी माइक ओढून घेतला. त्यांचं इंग्रजी कामापुरतं होतं. ते म्हणाले, "त्या भिंतीवरच्या फोटोत तीन बोटं आहेत. ती ही." आणि त्यांनी डावा हात वर केला. "बाकीचा माणूसही आलाय. बघून घ्या."

तो गाणारा इंग्रज पहिल्याच रांगेत, अम्मीपासून दोन खुर्च्यांवर बसला होता. लाल चेहऱ्याचा, हातात काठी. तो ओशाळून म्हणाला, "फ्रेम लहान होती रे."

अब्बा म्हणाले, "मग फ्रेम मोठी घ्यायची."

कुणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले. अब्बा हसले नाहीत. तो इंग्रज काठी टेकत उठला, मंचावर गेला. मला वाटलं आता माफी मागेल, गळ्यात पडेल. तसलं काही झालं नाही. त्याने माइक हातात घेतला आणि अब्बांना विचारलं, "कुठल्या पट्टीत?" अब्बांनी सांगितलं. दोघांनी एक गाणं केलं. त्याचा आवाज पार गेला होता, आणि अब्बांनी त्याला जराही सांभाळून घेतलं नाही. पूर्ण आवाजात वाजवलं. नंतर पुढच्या टेबलावर बसून दोघांनी चहा घेतला. काय बोलले ते अब्बांनी सांगितलं नाही. क्लबवाल्यांनी पुढे त्या फोटोचं काय केलं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

परत येताना गाडीत अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू त्या मुहर्रकवाल्याला फोनवर नक्की काय म्हणालीस?"

मी शब्दन् शब्द सांगितला. "इंशाल्ला न येवोत" ऐकून त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आमच्यातलं भांडण तिथे मिटलं. "तरी शब्द माझा होता," असं मात्र ते पुढेही म्हणत राहिले.

पुढच्या गुरुवारी ते हॉटेलात हजर झाले. लोक बोलायचे ते बोलत राहिले. आमच्या काही नातेवाइकांनी येणं कमी केलं, ते शेवटपर्यंत वाढलं नाही. ईसा टाउनमधल्या काही आयांनी मात्र मुलांना शिकवाल का म्हणून विचारलं. त्यांत दोन मुलीही होत्या. त्यावर कुणीतरी अब्बांना मशिदीबाहेर गाठून म्हटलं, मुलींना कशाला? अब्बा म्हणाले, "बोटं त्यांनाही पाचच आहेत."

माझं लग्न झालं ते दशक संपता संपता. मुलगा जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनीअर, श्रीवर्धनकडचा. त्याने मला फोनवरचा तो किस्सा आधीच ऐकलेला आहे असं सांगितलं, आणि त्याच्यासाठीच भेटायला आलोय म्हणाला. त्याच्या घरच्यांची काही अट नव्हती. उलट त्याच्या अम्मीने मोठ्या हौसेने अब्बांना विचारलं, "निकाहच्या दिवशी तुम्ही वाजवणार ना? आम्ही सगळ्यांना सांगितलंय."

"नाय," अब्बा म्हणाले.

"का हो?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

त्या बिचाऱ्या गोंधळल्या. अम्मीने कपाळावर हात मारला. पण अब्बा हलले नाहीत. सांगितलं म्हणून एकदा थांबलो होतो, सांगितलं म्हणून आता सुरू नाही करणार, असं त्यांचं म्हणणं. निकाहच्या दिवशी ते शेरवानी घालून बिर्याणीच्या देगांभोवती फिरत राहिले, आचाऱ्यांशी भांडले, मला निरोप देताना रडले. गिटारीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या कपड्यांची बॅग न्यायला नवऱ्यासोबत ईसा टाउनला आले. आम्ही गेटपाशी गाडीतून उतरलो तोच आतून आवाज आला. इतका मोठा की गल्लीतली मांजरं पळाली. माझा नवरा तिथेच थबकला. आम्ही आत गेलो. अब्बा लुंगी-बनियनवर, कपाळावर झुलूप, डोळे मिटून वाजवत होते, आणि अम्मी पलंगावर बसून माझे कपडे घडी करता करता लग्नातलं एक गाणं म्हणत होती. शेजारच्यांनी भिंत ठोकली. अम्मी गाणं न थांबवता उठली, अँपजवळ गेली आणि आवाजाची चकती आणखी थोडी पुढे फिरवून परत घड्या घालायला बसली.